संमतीची नोंद

"मनातल्या मनात वाचा. मोठ्यानं नगं," असं म्हणत सत्यशीलेने वही नवऱ्यापुढे सरकवली आणि स्वतः तांदळाचं ताट पुढे ओढून बसली.

हनुमान नुकताच ट्रॅक्टर धुऊन आला होता. पायजम्याला हात पुसून तो एकेका ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. सत्यशीलेचं सगळं लक्ष त्या बोटाकडे. ताटातले खडे तसेच राहिले.

दोघं पूर्वी जोडीने ऊसतोडीला जात. तिची कंबर गेली तसा तो नाद सुटला. हनुमान ट्रॅक्टरवर लागला आणि ती गावातच, चकलांब्यात, ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांच्या वसतिगृहात हंगामापुरती स्वयंपाक करू लागली. लेक संस्कृती बारावीला गेली, तेव्हा तिनेच आईलाही बाहेरून बारावी द्यायला लावली आणि पुढे गेवराईच्या कॉलेजात नाव घालायला लावलं. यंदा ‘प्रजनन आणि नीती’ असा एक विषय होता. दर आठवड्याला वाचलेल्यावर स्वतःच्या मनातलं लिहायचं, त्याला चिंतननोंद म्हणायचं. सुरुवातीच्या नोंदी सत्यशीलेने पुस्तकातून सुवाच्य अक्षरात उतरवल्या. मॅडम हसून म्हणाल्या, "सत्यशीलाताई, पुस्तक माझ्याकडेही आहे. तुमचं वाचायचंय मला."

पुढचा विषय होता संमती. त्यावर मात्र तिने एका बैठकीत लिहून काढलं. चोविसाव्या वर्षी तिची गर्भपिशवी काढली होती. अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोट दुखत होतं. डॉक्टर म्हणाला, पिशवी सडली, ठेवली तर कॅन्सर होईल. कागद आला, नवऱ्याने सही केली. ‘मी दहावी पास होते. मला सही येत होती. पण मला कुणी विचारलं नाही,’ असं तिने लिहिलं होतं. लिहून झाल्यावर मोकळं वाटलं, पण वही द्यायला हात धजेना. त्यात तोही होता. त्याच्या माघारी त्याच्याबद्दल चार लोकांनी वाचावं, हे तिला बरं वाटेना.

हनुमानने वही मिटली. चपला घातल्या आणि तो बाहेर गेला. सत्यशीलेला वाटलं, आता हा कॉलेज बंद करायला लावतो की काय!

भाकरीच्या वेळेला तो परत आला. चुलीपाशी येऊन उकिडवा बसला.

"त्यात एक ऱ्हायलंय," तो म्हणाला.

"काय?"

"मी सही केली, ते बरुबर हाय. पण मी भ्यालतो, ते न्हाई लिवलंस."

भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "मला काय म्हाईत? तुमी कदी बोललाव का?"

"कसं बोलणार? इकडं टोळी निघाली म्हणून मुकादम घाई करतोय, तिकडं डॉक्टर क्यान्सर म्हणतोय. तू गेलीस तर पोर कशी वाढवू, एवढंच डोस्क्यात. तुला इचारावं हे सुचलंच न्हाई बघ."

तव्यावरची भाकरी करपली. दोघांनी तीच वाटून खाल्ली. जेवण झाल्यावर तिने त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हां. आता दे."

मॅडमनी ती नोंद वाचली आणि विचारलं, "हे त्यांना चालेल?"

"त्यांनीच सांगितलंय लिवायला," सत्यशीला म्हणाली. सांगताना तिला नव्या नवरीसारखं लाजल्यागत झालं.

दसरा सरला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायची गडबड सुरू झाली. एका सकाळी हनुमानचा पुतण्या उत्तरेश्वर अंगणात आला. मागे त्याची बायको करिष्मा, तोंड उतरलेलं. एवढीशी पोर, पदरात एक लेकरू.

"काकू, हिला दवाखान्यात न्यायचंय. चार रोज लेकराला संभाळा."

"कावून? काय झालं?"

"पिशवी खराब झाली म्हनत्यात. जायच्या आधी काढून टाकू, कटकट नगं."

सत्यशीला बोलणार, तेवढ्यात आतून हनुमान बाहेर आला. चुलत्याचा एवढा चढलेला आवाज उत्तरेश्वरने कधी ऐकला नव्हता.

"हिला इचारलंस का बे?"

"काका, डॉक्टरच म्हनला..."

"मलाबी म्हनलाच हुता. गाडी काढतो. आधी बीडला सरकारी दवाखान्यात दाखवू. मग काय ते ठरवा, पण दोघं मिळून."

लेकराला संस्कृतीपाशी ठेवून चौघं बीडला गेले. दवाखान्यात लांबलचक रांग होती. नंबर आला तेव्हा चौघंही आत घुसले. डॉक्टरबाईंनी करिष्माला विचारलं, "काय त्रास होतो?" करिष्माने सवयीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा तोंड उघडतो न उघडतो तोच हनुमानने त्याच्या दंडाला धरलं. "चल, आपण चहा घेऊ." करिष्माची नजर आता सत्यशीलेकडे वळली. तिचा हात धरून बसावं, असं सत्यशीलेच्या फार मनात आलं. पण तीही उठली. "मी बाहीर हाय. तूच सांग समदं," म्हणत तिने दार ओढून घेतलं.

ती बाकावर बसली. आतून करिष्माचा आवाज येत होता, आधी अडखळत, मग सलग. शब्द कळत नव्हते. सत्यशीलेने कान दिला नाही.

करिष्मा बाहेर आली ती जवळजवळ पळतच. "काकू, पिशवी चांगली हाय! आतून सूज हाय म्हनल्या. गोळ्या दिल्यात, ह्यांनाबी घ्याच्यात. पुन्ना तपासायला बोलावलंय. तवर मी न्हाई जानार टोळीसंगं, सांगून टाकते ह्यांना." आणि ती चहाच्या टपरीकडे निघालीसुद्धा.

सत्यशीला तिच्या मागे निघाली, पण पायऱ्यांशी थबकली. आनंद झाला होता, खराच झाला होता. तरी तिला जरा टेकावंसं वाटलं. ती उन्हातल्या पायरीवर बसली. पिशवी काढायच्या आधीच दुसऱ्या लेकराचं नाव तिने मनात धरून ठेवलं होतं. ते आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, वहीतही लिहिलं नव्हतं.

हनुमान चहाचे दोन कप घेऊन आला आणि शेजारी टेकला.

ती चहावर फुंकर घालत राहिली. मग हळूच तिने त्याला ते नाव सांगितलं.

हनुमानने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "चांगलं हाय," तो म्हणाला.

मग दोघांनी तिथेच बसून चहा संपवला.