पाटोद्याची शेळी

चित्रकलेच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सरांचं आडनाव आंधळे असावं, याचं हसू पोरांना पहिल्या वर्षी येतं आणि पहिल्याच वर्षी जिरतं. सरांची नजर अशी, की शेवटच्या बाकावर कुणी पट्टी लावून रेघ मारली तरी ते फळ्याकडे तोंड करून ओरडायचे, "हात काय शोभेला दिलेत का रे?" तर या आंधळे सरांनी ग्राफिक डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला दसरा झाल्या झाल्या एक काम दिलं.

"माणसं वाट चुकतात अशी एक जागा शोधा," ते म्हणाले, "आणि ती चुकणार नाहीत असं काहीतरी करून दाखवा. चार आठवडे देतो."

निम्म्या वर्गानं विमानतळ घेतला. विमानतळ कुणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे तिथं माणसं हमखास चुकत असणार याची सगळ्यांना खात्री होती. इरशादनं मोठा मॉल घेतला. मुबश्शिराला मात्र काही सुचेना.

मुबश्शिरा ही जमीलभाईंची मुलगी. बीडच्या बसस्टँडच्या फाटकाशी जमीलभाईंचा फळांचा गाडा, आणि कॉलेज सुटलं की मुबश्शिरा त्या गाड्यामागच्या स्टुलावर. कॉम्प्युटरवर तिच्यासारखं साफ काम वर्गात कुणाचं नव्हतं. पण स्टुडिओत बसून कोळशानं समोरचं माणूस काढायचं म्हटलं, की ती अंग चोरायची. कॉम्प्युटरवर चुकलं तर एक बटण दाबून मागं जाता येतं, कोळशाच्या रेघेला मागं जाणं ठाऊक नाही. तिची स्केचबुकं कोरीच्या कोरी असायची, आणि मधल्या चार पानांवर घाबरलेल्या चार रेघा.

त्या गुरुवारी ती स्टुलावर बसून मोबाइलवर विमानतळांची चित्रं बघत होती. आपणही तेच घ्यावं, असं तिचं जवळपास ठरलं होतं. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "बाई, ही पाटोद्याचीच ना?"

मुबश्शिरानं मान न उचलता सांगितलं, "हो."

विचारणारी निघून गेली, गाडीही गेली. मुबश्शिराच्या लक्षातही राहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी दुपारी गाड्यासमोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, काखेत डब्याची पिशवी. सीताफळांकडे तिनं बघितलंच नाही, थेट मुबश्शिराकडे बोट केलं.

"हीच ती! हिनंच मला तलवाड्याला धाडलं!"

जमीलभाईंच्या हातातला तराजू तसाच राहिला. म्हातारीचं नाव तुळजाबाई. पाटोद्याजवळच्या वस्तीवर घर. नातू बीडात क्लासला होता, त्याला घरचं खायला घेऊन ती दर गुरुवारी यायची आणि दुपारच्या गाडीनं परत जायची. वाचता येत नाही, म्हणून विचारून चढायची. मागच्या गुरुवारी विचारून चढली आणि पाटोद्याच्या बरोब्बर उलट्या दिशेला, गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याला जाऊन उतरली.

"घाट कावून येईना, घाट कावून येईना, म्हनून मी खिडकीतनं बघतेय," तुळजाबाई आता जमलेल्या सगळ्यांनाच सांगत होती, "तर पुढं डोंगरावर देवीचं देऊळ! म्हनलं, आता गं माय, आपल्या गावाला देऊळ कवा बांधलं?"

लोक हसायला लागले. मुबश्शिराला मात्र झोंबलं, डोळे भरून आले. ती उठून उभी राहिली. "आजी, चुकलं माझं. मी बघितलंच नाही गाडीकडे."

"क्या री, किधर ध्यान रहता तेरा?" म्हणत जमीलभाईंनी घाईघाईनं डझनभर केळी पिशवीत घातली. तुळजाबाईनं ती बिनदिक्कत घेतली आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"आगं, रडाय काय झालं? माझं काय वाईट न्हाई झालं. शेजारी बसलेली गीताबाई तलवाड्याचीच निघाली. घरी नेलं तिनं. पिठलं-भाकरी केली, रातच्याला ठिवून घेतलं, लेकानं सकाळी गाडीत बसवून दिलं. लई गुनाची बाई. तिची लेक बाळंतपणाला आलीय. आता फोन असतो तिचा रोज."

तुळजाबाईला त्या दिवशी मुबश्शिरानं स्वतः हाताला धरून पाटोद्याच्या गाडीत बसवलं, ड्रायव्हरला दोनदा विचारून. गाडी गेल्यावर ती फलाटावरच उभी राहिली. एकामागून एक बाया, म्हातारे, कडेवर पोर घेतलेल्या लेकुरवाळ्या येत होत्या आणि कुणाला ना कुणाला विचारत होत्या: ही कुठली? ती कुठली? सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या, आणि पुढं काचेवर अक्षरं. विमानतळ तिच्या डोक्यातून त्याच क्षणी उडाला.

रात्रीपर्यंत तिनं कॉम्प्युटरवर दोन चित्रं केली. तलवाड्याच्या गाडीला डोंगरावरचं देऊळ, पायऱ्यांसकट. पाटोद्याच्या गाडीला धबधबा, कारण पाटोदा तालुक्यात सौताड्याचा धबधबा, आणि तो फोटोत छान दिसतो. एकसारख्या जाडीच्या रेघा, गोल कोपरे, निळा रंग. सकाळी तिनं ती सरांना दाखवली.

"सुरेख," आंधळे सर म्हणाले. "कुणाला दाखवलंस?"

"तुम्हालाच, सर."

"मला वाचता येतं." एवढं बोलून ते पुढच्या बाकाकडे गेले.

म्हणून गुरुवारी तिनं तुळजाबाईपुढं चित्रं धरली. देऊळ तिनं लगेच ओळखलं, "हे तर तलवाडा, मी जाऊन आले की!" धबधब्याकडे मात्र ती बराच वेळ बघत राहिली.

"फणी हाय," शेवटी ती म्हणाली. "आन् खाली गळालेले केस."

पाटोद्याच्या गाडीचे ड्रायव्हर अंगदमामा चहा पीत उभे होते, त्यांना ठसका लागला. "धबधबा हाय व्हय तो? आन् सौताड्याचं पानी पाटोद्याच्या गाडीवर कावून? उद्या सौताड्याचे लोक भांडाय येतील!"

"मग पाटोद्याचं काय काढू, मामा?"

झालं. प्रश्न एकाला विचारला आणि उत्तर द्यायला सगळा फलाट आला. एक म्हणाला घाट काढ, तर दुसरा म्हणाला घाट काय एकट्या पाटोद्याच्या वाटेला आहे का. कुणी तहसील कचेरी काढायला सांगितली, त्यावर बायांनी नाकं मुरडली. एकानं पुढाऱ्याचा फोटो सुचवला आणि तिथं वेगळंच भांडण सुरू व्हायला लागलं, तेव्हा तुळजाबाईनं पिशवी खाली ठेवली.

"शेळी काढ," ती म्हणाली.

"शेळी?"

"पाटोद्याला मानूस बाजाराला जातो. मी आजवर जेवढ्या शेळ्या घेतल्या आन् इकल्या, सगळ्या पाटोद्याच्या बाजारात. माझ्या सासूनं बी तिथंच. शेळी दिसली की मला पाटोदा दिसतो."

मागच्या दोन बाया म्हणाल्या, "खरं हाय की," आणि अंगदमामांनी कप खाली ठेवून मान डोलावली.

आता शेळी काढायची तर मुबश्शिरानं इंटरनेटवरून दहा शेळ्या उतरवून घेतल्या. त्यातल्या एकीवर रेघा फिरवल्या, गोल कोपरे दिले, तर ती कुत्र्यासारखी दिसायला लागली. शिंगं मोठी केली तर म्हैस झाली. आंधळे सरांनी ते बघून एवढंच विचारलं, "शेळी बघितलीयस का कधी?"

बघितली होती की! तिची नानी, हजराबी, मागच्याच गल्लीत राहायची आणि तिच्याकडे शबनम नावाची काळी-पांढरी शेळी होती. लहानपणापासून मुबश्शिरा तिच्या शेजारून जात-येत होती. पण पायांचे गुडघे कुठे वळतात, कान शिंगांच्या खाली की मागे, हे विचारलं तर सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नानीकडून शबनमचं दावं मागून घेतलं आणि शेळीला कॉलेजात नेलं.

फाटकावरचे शिपाई मोहनराव आडवे झाले. "हिचं आयकार्ड कुठंय?"

"मॉडेल आहे, मामा. आंधळे सरांच्या स्टुडिओत."

मोहनरावांनी शेळीकडे बघितलं, शेळीनं त्यांच्या रजिस्टरकडे. त्यांनी रजिस्टर उचललं आणि वाट दिली.

शेळी दारातून आत आली तेव्हा स्टुडिओत वर्ग मांडणीचं चित्र काढत होता: एक मडकं, एक कापड आणि ज्वारीची पाच कणसं. वीस पोरं एकदम ओरडली. आंधळे सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पेन्सिली खाली ठेवा," ते म्हणाले. "कोळसा घ्या. ती एका जागी थांबणार नाही, तुमचाही हात थांबता कामा नये."

आणि मग जे झालं ते त्या कॉलेजात पोरं अजून सांगतात. शबनमनं पहिल्या मिनिटात मांडणीतली तीन कणसं संपवली. मडकं कलंडलं. इरशाद "अरे धरा, धरा!" करत उठला, तोवर तिनं त्याच्या मॉलच्या नकाशाचा एक कोपरा खाल्ला होता. "पार्किंग गेलं, सर!" तो कळवळून म्हणाला. पोरं हसत होती, सर ओरडत होते, "हसा, पण काढा! मान बघा मान, पाठीचा कणा कसा निघालाय बघा!"

मुबश्शिरा भिंतीला पाठ लावून उभ्या उभ्या काढत होती. पहिलं चित्र अर्ध्यावर आलं तोवर शेळी वळली. दुसऱ्यात डोकं झालं आणि ती बसली. तिसऱ्यापासून मुबश्शिरानं नीट काढायचा नादच सोडला. पान उलटायचं, रेघ ओढायची, पान उलटायचं. चुकलेली रेघ खोडायला वेळच नव्हता, त्यामुळे ती चुकल्याचं वाईटही वाटेना. बोटं काळी झाली, स्कार्फला कोळसा लागला, नाकाला लागला. मागच्या पायांवर उभं राहून खिडकीतली वेल ओढणारी शबनम तिनं एका दमात काढली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. कागदावर ती शेळी खरंच वेल ओढत होती.

तास संपला तेव्हा तिच्या वहीत बत्तीस शेळ्या होत्या. सर वही चाळत गेले. मग त्यांनी कपाटातून जाड ब्रश आणि शाईची बाटली काढून तिच्यापुढं ठेवली. मुबश्शिरानं ब्रश बुडवला. पाठीची एक रेघ, शिंगांच्या दोन, दाढीची एक, आणि वर उभारलेली आखूड शेपटी. पाच फटकाऱ्यांत शेळी झाली. तिनं पुन्हा हात लावला नाही.

आगारातल्या साहेबांनी आठ दिवसांची परवानगी दिली, मूळ पाटी झाकायची नाही या अटीवर. देऊळही मुबश्शिरानं ब्रशनंच पुन्हा काढलं. पुढच्या मंगळवारी तलवाड्याच्या गाडीच्या काचेवर देऊळ लागलं आणि अंगदमामांच्या काचेवर शेळी. लहान पोरं शेळीला बघून बें-बें करायला लागली. गुरुवारी एक आजोबा काठी टेकत आले, काचेपुढं थांबले, कुणालाही न विचारता चढले आणि खिडकीशी जाऊन बसले. मुबश्शिराला जागेवर उड्या माराव्याशा वाटल्या, पण आंधळे सर शेजारी उभे होते. ते मुद्दाम बघायला आले होते.

मग तुळजाबाई आली. नवंकोरं लुगडं, हातात डब्याच्या पिशवीऐवजी गाठोडं. तिनं दुरूनच दोन्ही गाड्यांकडे बघितलं, आणि सरळ चालत जाऊन देवळाच्या गाडीत चढली.

सगळी मेहनत जिच्यासाठी केली, तीच चुकली, आणि तेही सरांच्या डोळ्यांदेखत! मुबश्शिरा धावत खिडकीशी गेली. "आजी, उतरा! ही तलवाड्याची! तुमची शेळी तिकडं आहे!"

"ठावं हाय की," तुळजाबाई खिडकीतून म्हणाली. "देऊळ काय मला दिसंना व्हय? गीताबाईच्या लेकीला लेक झाली. आज बारसं हाय. हे बघ, झबलं शिवलंय." तिनं गाठोडं उघडून पिवळं झबलं बाहेर काढलं. त्याच्या खिशावर दोऱ्यानं शेळी काढली होती, शिंगं जरा एका बाजूला कललेली. "पाटोद्याला गाडीवर तुझी बघून काढली. जमली का गं?"

मुबश्शिरा खिडकीच्या गजाला धरून इतकं हसली की डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यापेक्षा चांगली जमली, आजी."

मागं सरही हसत होते. त्यांना असं मोठ्यानं हसताना तिनं पहिल्यांदाच बघितलं.

वर्गात पहिला नंबर तिचा आला नाही. तो एका विमानतळाला गेला, कारण परीक्षक बाहेरून आले होते आणि विमानानं आले होते. मुबश्शिराचा दुसरा आला. जमीलभाईंनी त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेक सीताफळ वर घातलं आणि तिची बत्तीस शेळ्यांची वही गाड्यावर उघडी ठेवली. आठ दिवस संपल्यावर साहेबांनी चित्रं उतरवायला सांगितलंच नाही, ती काचेवर तशीच राहिली.

नंतरच्या आठवड्यात ती स्टुलावर बसून एका केळीवाल्याचे हात काढत होती, तेव्हा पांढऱ्या फेट्यातले एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. आप्पाराव म्हणून. त्यांचा चेहरा लग्नात मानपान राहिलेल्या माणसासारखा.

"शेळीवाली पोरगी तूच का? तलवाड्याला देऊळ, पाटोद्याला शेळी, आन् आमच्या गावानं काय घोडं मारलं?"

"तुमच्या गावात काय आहे, काका?"

"आमच्याकडं काय न्हाई," आप्पाराव म्हणाले, आणि लगेच आपल्याच बोलण्याचा त्यांना राग आला. "न्हाई कसं? वाकडा लिंब हाय! वेशीवर रस्त्यात पार आडवा झालाय. त्याच्याखालनं गाडी जाती तवा डायवरसुद्धा मान खाली घालतो."

"कुठल्या बाजूला वाकलाय?" मुबश्शिरानं नवं पान काढलं.

"डावीकडं," आप्पाराव म्हणाले.

"उजवीकडं!" मागून त्यांच्याच गावची एक बाई ओरडली. "येताना उजवीकडं!"

"येताना कोन बघतंय? जातानाचं सांग!"

दोघंही तिच्या वहीवर वाकले, बोटानं हवेत झाड काढायला लागले, अजून चार जण गोळा झाले. मुबश्शिरानं कोळशाचा एक तिरका फटकारा मारला. फलाटावर त्यांच्या गाडीनं दोनदा हॉर्न दिला. आप्पारावांनी मागं न बघताच हात वर केला.

"थांब बे जरा! गावाचा प्रश्न हाय!"