दोन थांब्यांच्या मध्ये

विमान उतरलं तेव्हा घोळ झालाय हे मला माहीत होतं, बाबांना माहीत नव्हतं.

तिकिटं मीच काढली होती. दोन वेगळ्या कंपन्यांची, स्वस्तात. "मधे साडेतीन तास ठेवलेत, आरामात," असं घरात चारदा मिरवूनही झालं होतं. विमानात कंटाळा आला म्हणून कागद उलटेपालटे करत बसले, आणि विमानतळाचं नाव वाचलं. उतरायचं एका विमानतळावर, पुढचं विमान सुटणार दुसऱ्याच विमानतळावरून. शहर एकच, विमानतळ दोन, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. घरात माझी नजर म्हणजे घारीची. फरशीवर पडलेली टाचणी पहिल्यांदा मला दिसते. हे एवढं मोठं नाव नाही दिसलं.

बॅगा येतात त्या पट्ट्यापाशी सांगितलं.

"बाबा, एक सांगायचंय. ओरडायचं नाही."

"म्हणजे ओरडण्यासारखंच आहे."

सांगितलं. त्यांनी कागद आधी लांब धरला, मग जवळ धरला.

"शाळा सोडलीस ती सोडलीस, वाचणंही सोडलंस का गं?"

"तुम्ही पण बघितलं होतंत की!"

"मी वेळ बघितली. बस कुठून सुटते हे काय ड्रायव्हर बघतो? डेपोवाले बघतात."

बाबा सव्वीस वर्षं बस चालवतात. त्यांच्या जगात सगळी कामं अशी वाटलेली असतात.

पुढचं विमान तीनला होतं, दार दोन चाळीसला बंद. ते चुकलं तर त्या गावाला दुसरं विमान थेट परवा. आणि मला उद्या सकाळी नऊला तिथे हजर व्हायचं होतं. बंदरावरची क्रेन चालवायचं ट्रेनिंग. वीस मजली उंच, वर काचेची केबिन, खाली जहाज. बारा जागा होत्या. नऊ वाजता हाक मारणार, ओ दिली नाही तर पुढच्या नंबरला फोन. त्यांना मार्कशीट नको होती, नजर आणि हात पाहिजे होते. परीक्षेत मी तिसरी आले. वरून मोजून तिसरी! शाळेत मी नेहमी खालून मोजायची.

अजून एक भानगड होती. मी सतरा वर्षांची, त्यामुळे फॉर्मवर पालकाची सही लागणार. फॉर्म माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात होता, सहीचा रकाना कोरा.

"आधी ती क्रेन डोळ्यांनी बघतो," बाबांचं ठरलेलं उत्तर. "मग सही."

"सव्वीस वर्षांत तुमची बस बघायला कोणाचा बाप आला होता का?"

"ए हॉर्न, हळू."

हॉर्न म्हणजे मी. दुसरं काही म्हणतच नाहीत.

पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा आलेलं, बॅगेने आणखी अर्धा तास खाल्ला. बाहेर आलो तर एक वाजत आला होता. मी टॅक्सीच्या रांगेकडे वळले, तर बाबा उलट्या दिशेला. एका हातात बॅग, दुसऱ्या काखेत उशी.

उशीबद्दल सांगायलाच हवं. बसचे ड्रायव्हर स्वतःची उशी घेऊन फिरतात. सीट रोज वेगळी, पण पाठ एकच ना. बाबांच्या उशीला आईने माझ्या जुन्या जीन्सचा अभ्रा शिवलाय, खिशासकट. सकाळी विमानात त्यांनी ती सीटवर ठेवली, दोनदा थोपटली, मग बसले. शेजारची बाई बघत राहिली. मला वाटलं, विमानाला भोक पडावं आणि मी खाली जावं.

"टॅक्सी करू ना बाबा!"

"टॅक्सी गर्दीत कुजते. दोन विमानतळांमधली बस आहे ही, हिला स्वतःची लेन आहे. साठ मिनिटं लिहिलंय."

"लिहिलंय म्हणून होतंय का?"

"वेळापत्रक काय गंमत म्हणून छापतात?"

बॅग बसच्या पोटात गेली, खालची झडप बंद झाली. आम्ही ड्रायव्हरच्या मागची दुसरी रांग धरली. चाळीस मिनिटं बस खरंच सुसाट गेली. बाबा प्रत्येक वळणाला मान डोलवत होते, गाणं ऐकल्यासारखे. "हात चांगला आहे त्याचा," म्हणाले.

मग थांबली.

पुढे काचा नेणारा ट्रक उलटला होता, बरोब्बर बसच्या लेनमध्ये. पावणेदोनची दोन झाली, दोनची दोन पाच. पुलाच्या पलीकडे विमानतळाची पांढरी इमारत दिसत होती. तिच्यावरून एक विमान उडालंसुद्धा. पळत दहा-बारा मिनिटं, जास्त नाही. बसमध्ये बसून? देवाला माहीत.

मी उठून ड्रायव्हरपाशी गेले.

"दार उघडा, मी चालत जाते."

"मधे थांबा नाही."

"बस उभीच आहे की! थांब्यावर थांबते त्याच्यापेक्षा जास्त थांबलीय!"

"दोन थांबे आहेत. एक सुटायचा, एक पोचायचा. मधे दार उघडत नाही."

"दार आहे का भिंत आहे? तुमच्या बापाची बस आहे का?"

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे नुसतं बघितलं. दारावर तो लाल दांडा होता, आणीबाणीचा. माझा हात तिकडे गेला आणि मागून मनगटावर पकड बसली. बाबा.

"बस खाली."

बसले. रडूच येत होतं, पण रागाने.

"तुमच्या बापाची बस," बाबा हळू म्हणाले. "रोज ऐकतो हे. आज घरातून ऐकलं."

"मग सांगा ना त्याला! तुमचं ऐकेल तो!"

"एकदा उघडलं होतं मी दार. असाच एक होता, बॅगवाला, गयावया करत होता. उतरला, आणि बाजूने मोटारसायकल." ते खिडकीबाहेर बघत होते. "माणूस वाचला. पाय नाही वाचला."

हे मला माहीत नव्हतं. आईला माहीत असेल. मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले, कारण दुसरीकडे कुठे बघायचं?

म्हणून दिसलं.

पुढे चाळीसेक पावलांवर, डाव्या फुटपाथला, एका खांबाखाली एक माणूस उभा होता. निळा शर्ट, पाण्याची बाटली, आणि काखेत उशी.

"बाबा, उशी!"

"माझ्याकडेच आहे."

"तुमची नाही! तो बघा! आपल्यासारखी!"

बाबा अर्धे उठले. त्यांचा चेहरा बदललाच. "ड्युटी बदलतेय," म्हणाले. "इथे दार उघडणार. ड्रायव्हरसाठी."

बस इंच इंच सरकत होती. दोन दहा. तीस पावलं. दोन बारा. वीस. एक गाडी मधे घुसली तेव्हा मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण मनात. दोन चौदाला खांब आला. बाबा पुढे गेले, मी मागे.

"नमस्कार दादा. मी पण स्टेअरिंगवालाच." त्यांनी खिशातून बिल्ला काढून दाखवला. "पोरीचं विमान आहे. इथे उतरली तर मिळेल."

ड्रायव्हर आवरत होता. "स्टाफशिवाय कोणी उतरायचं नाही. कॅमेरा आहे वर. आणि हिला उतरवू? हिने माझा बाप काढला, ऐकलंत ना?"

"ऐकलं. ती माझी ट्रेनी आहे." बाबांनी काखेतली उशी काढून माझ्या हातात कोंबली. "क्रेन चालवणार आहे. शिकतेय अजून. बोलायलाही शिकेल."

दोघंही माझ्याकडे बघत होते.

"चुकलं," मी म्हणाले. "बस तुमचीच आहे."

तो आधी उशीकडे बघत राहिला, मग जीन्सच्या त्या खिशाकडे, आणि फस्सकन हसला. "स्टाफच दिसतोय. माझ्या मागोमाग, फुटपाथवरच."

"चला बाबा!"

"मी नाही येत. बॅग खाली आहे."

"मरू दे ती बॅग!"

"विमानतळाच्या बसमध्ये बेवारस बॅग? पोलीस येतील, बस रिकामी करतील. ही चाळीस माणसं आहेत, त्यांनाही विमानं आहेत." त्यांनी हात पुढे केला. "फॉर्म दे."

मला आधी कळेचना.

"फॉर्म, हॉर्न!"

काढला. माझ्या हातातल्या उशीवरच कागद ठेवून त्यांनी सही केली. मग डावीकडच्या आरशात बघितलं, उघड्या दारातून मान बाहेर काढून मागचा रस्ता बघितला, परत आरशात बघितलं. "आता उतर."

धावले. पूल, जिना, लाल सिग्नल, पुन्हा जिना. तपासणीला उशी त्या मशीनमधून गेली, बाहेर आली, तिथल्या बाईने ती दाबली, पलटली, परत दाबली.

"हे काय आहे?"

"उशी."

"कशासाठी?"

"बसायला, बाई! उशीवर दुसरं काय करतात?" लगेच जीभ चावली. "सॉरी. वडिलांची आहे."

दोन सदतीस. दारापाशी एकच मुलगा उभा होता, कागद आवरत.

"दोन नावं आहेत इथे. दुसरे प्रवासी?"

"वडील. बसमध्ये अडकलेत."

"किती वेळ? दोन-तीन मिनिटं थांबू शकतो, जास्त नाही."

खोटं बोलता आलं असतं. आत्ता पोचतील, जिन्यातच आहेत. पण मला ती रांग दिसत होती, तो ट्रक, आणि विमानात बसलेली सगळी माणसं घड्याळाकडे बघत.

"नाही येत ते," मी म्हणाले. "दार बंद करा."

आत माझ्या शेजारची सीट रिकामीच राहिली. विमान हललं तेव्हा फॉर्म काढून बघितला. सही वाकडी आली होती, मऊ उशीवर केलेली. आणि तिच्याखाली, बसच्या फेरीच्या ट्रिपशीटवर टाकतात तसा, बाबांनी सवयीने बिल्ला नंबर टाकला होता. 'पालकाचे नाते' या रकान्यात लिहिलं होतं: चालक.

उद्या ऑफिसात कोणीतरी विचारणार, हे काय? मी काय सांगायचं ते ठरवत होते, शांतपणे सांगायचं होतं. मग पट्टा सोडला, अर्धी उठले, उशी खाली सरकवली, दोनदा थोपटली आणि बसले. पलीकडचा माणूस बघत होता.

"काय?" मी म्हणाले.