दिव्याखालचा सरडा

मला एका जागी बसवत नव्हतं. चार वाजता नकाशा पाठवायचा होता आणि सकाळी ताईचा फोन आल्यापासून माझं कशातच लक्ष नव्हतं.

"अगं, आज पुन्हा नऊ अंडी गेली," ती म्हणाली होती. "उंदीर असता तर टरफलं तरी राहिली असती. इथे काहीच नाही."

ताईची कोंबड्यांची शेड डोंगरावर आहे, आणि ती तिथे गेली माझ्यामुळे. माझं काम एका परक्या सरड्यावर चालतं. हातभर लांब, कुणीतरी हौसेने पाळायला आणला आणि सोडून दिला. अंडी गिळतो. हवा तापत गेली की तो कुठवर पसरेल, याचा नकाशा मी करते. तीन वर्षांपूर्वी मीच छातीठोकपणे सांगितलं होतं, "ताई, वर जा. त्या थंडीत तो पन्नास वर्षं फिरकायचा नाही." तिने बिचारीने खालचं सगळं आवरलं आणि गेली.

आमच्याकडे सापळे नकाशा बघून वाटतात. लाल भागाला सापळे, पांढऱ्या भागाला ठेंगा. ताईचा डोंगर पांढराशुभ्र.

"साहेब, डोंगरावरची एखादी नोंद आली होती का हो?" मी ऑफिसातल्या साहेबांना विचारलं.

"नोंदी तूच साफ करतेस ना? मला काय विचारतेस?"

खरं होतं. सरडा दिसला की लोक फोटो पाठवतात. निम्मे पालींचे, एकदा तर चक्क चपलेचा पट्टा! म्हणून थंड भागातला ठिपका आम्ही फोटो न उघडताच काढून टाकतो. तिथे तो जगणार नाही असं गणित सांगतं, म्हणून नोंद चूक. आणि तिथून नोंदी नाहीत, म्हणून गणित आणखी ठाम. काय पण शहाणपण!

वगळलेल्या नोंदी उघडल्या. एकसष्ट. डोंगरावरची एकच. फोटो उघडला. पिलांना ऊब द्यायला लावलेला दिवा, आणि त्याखाली ऐसपैस पसरलेले महाशय. उन्हाळा लांबला तेव्हा वर चढले असणार आणि हिवाळा इथे काढला. मी बाहेरच्या हवेचं तापमान धरलं होतं, दिव्याखालचं नाही. शेजारी निळी बादली, मोडकी कडी तारेने बांधलेली. ती तार मीच बांधली होती. तारीख अकरा महिन्यांपूर्वीची.

"साहेब, नकाशा थांबवा. चुकलाय," म्हणत मी बाहेर पळाले आणि फोन लावला.

"ताई, तू आमच्याकडे फोटो पाठवला होतास?"

"हो की. उत्तर आलं, नोंद तपासली, ग्राह्य नाही. म्हटलं, तू तपासलंयस म्हणजे हा दुसराच कुठला तरी. थंडीत कुठे जाईल बिचारा, म्हणून राहू दिला."

मला रडूच फुटलं. "तो तोच आहे गं. मी तपासलं नव्हतं. फोटो उघडलासुद्धा नव्हता."

तिने विचारलं, "दिवा बंद करू? म्हणजे मरेल ना तो?"

"पिलंही मरतील."

"मग काय करू? सांग ना, तुला कळतं त्यातलं."

"अंडी घरात नेऊन ठेव. मी सापळे घेऊन निघाले," मी म्हणाले. "पुढचं तिथे येऊन बघते, मग सांगते."