निळ्या चिंधीचा कॅन

मथारे झोपडपट्टीतल्या त्या आवारात पत्र्याच्या खोल्या सोळा आणि नळ एक. पाणी यायचं सकाळी सात ते नऊ, तेही नळाच्या मर्जीनं. म्हणून तिथं रांगेत बायका उभ्या राहत नसत, कॅन उभे राहत. वीस लिटरचा पिवळा कॅन उजाडायच्या आत आणून लावायचा आणि आपण घरात जाऊन चूल पेटवायची, पोरांची तोंडं धुवायची. पुढचा भरला की जिचे पाय मोकळे असतील तिनं मागचे सगळे पायानंच पुढे ढकलायचे. कॅन एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे, पण बुचावरून मालकीण कळायची. हबीबाचं हिरवं बूच, न्योकाबीची तारेची कडी, अपोंडीचा लाल दोरा. स्योंबुआच्या, म्हणजे कनिनीच्या आईच्या, कॅनचं बूच हरवून वर्ष झालं होतं. तोंडात निळी चिंधी कोंबलेली असे.

बोलण्याच्या ओघात बायका कॅनलाच बाईचं नाव द्यायच्या. "कनिनीची आई, व्हा की पुढे!" म्हणत न्योकाबी निळ्या चिंधीला लाथ हाणायची. "हबीबाला जरा तिरकी लाव गं, गळते ती." यात कुणाला काही वावगं वाटत नसे. स्योंबुआलाही नव्हतं वाटलं, त्या सोमवारपर्यंत.

सोमवारी तिनं पहाटे कॅन लावला आणि पाळी येईस्तोवर जरा पडावं म्हणून आत गेली, ती उठलीच नाही. झोप नव्हती, डोळे टक्क उघडे. लोकांच्या ओल्या चादरी पिळून बारा वर्षं काढलेली बाई, पण स्वतःचं अंग काही तिला उचलवेना. असं मधूनमधून जानेवारीपासून होत होतं. एकदा तर ती पोरीला शाळेतून आणायचंच विसरली. कनिनी अंधार पडेस्तोवर फाटकाशी बसून होती. त्याच आठवड्यात स्योंबुआनं तिला गावी, कितुईला, आजीकडे पोचवलं. शेजारणींना सांगितलं, तिकडची शाळा चांगली आहे. तिकडची शाळा म्हणजे एक आंब्याचं झाड आणि तीन बाकं, हे सांगायची गरज नव्हती.

नऊच्या सुमाराला दारावर टकटक झाली. "पाणी ठेवलंय गं!" हबीबाचा आवाज, आणि लगेच सपातांची फटफट दूर. स्योंबुआनं दार किलकिलं केलं. भरलेला कॅन उंबऱ्याशी उभा. चिंधीसुद्धा नीट बसवलेली.

तिनं पाणी आत घेतलं आणि का कोण जाणे, मनाशी एक हिशेब मांडला. उद्यापासून कॅन तेवढा लावायचा, आपण बाहेर पडायचं नाही. कामावर नाही, दुकानात नाही. ज्या दिवशी कुणी विचारील, बाई, तू कुठं आहेस, त्या दिवशी खरं काय ते सांगून टाकायचं. आणि शनिवारपर्यंत कुणीच नाही विचारलं, तर रविवारी कॅनही लावायचा नाही. त्यापुढचं तिनं मांडलं नव्हतं. मांडायची भीती वाटत होती.

मंगळवारी पत्र्यातल्या खिळ्याच्या भोकाला डोळा लावून ती बसली. निळी चिंधी रांगेत नववी होती. "कनिनीची आई आज लई मागं पडली," न्योकाबी म्हणाली. "कंबा जमातीची ना ती! मंत्र मारून येईल की पुढे," दुसरी कुणी. सगळ्या हसल्या. कॅन सरकला. नऊला पाणी दारात.

बुधवारी तेच. गुरुवारी हबीबानं कॅनवर गोड पिठाची दोन मांदाझी कागदात बांधून ठेवली. "तळताना जास्त झाली!" असं बाहेरूनच ओरडली. म्हणजे प्रेम नव्हतं असं नाही. प्रेम होतं, दारापर्यंत होतं. शेजारधर्म इतका चोख चालला होता की आत माणूस आहे की नाही हे बघायची कुणाला पाळीच येत नव्हती. कनिनीची आई कामावर लवकर जात असेल, उशिरा येत असेल. कॅन तर लागतोय ना? मग झालं. स्योंबुआनं मांदाझी खाल्ली नाहीत. मुंग्या लागल्यावर रडली मात्र.

शुक्रवारी पुन्हा भोकाला डोळा. न्योकाबी रांगेवर राज्य करत होती. "सरक गं अपोंडी, बस झालं मिरवणं!" म्हणत तिनं लाल दोऱ्याला लाथ मारली.

उत्तर आलं नाही.

आता ही अपोंडी म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराकाठची, सुकट तळून विकणारी, आणि शिंकली तरी चार खोल्यांतली पोरं जागी करणारी. आवारात पोरं असलेल्या बायकांना बहुतेक पोरांच्या नावानंच हाक. मूल जगलं नाही म्हणून अपोंडीला मात्र कायम तिच्याच नावानं. तिच्या कॅनला लाथ बसली की ती घरातूनच ओरडायची, "न्योकाबी, तुझे पाय मोडो, पण आधी माझा भरू दे!" आणि मग हसायची, सगळ्यांच्या हसण्याच्या वर.

स्योंबुआनं आठवून पाहिलं. काल ओरडली होती? नाही. परवा? मंगळवारी ते कंबांच्या मंत्राचं बोलली ती कोण? अपोंडी नव्हे, आवाज बारीक होता. सुकटीचा वासही नाही आला या आठवड्यात. चार दिवस ती या भोकाला डोळा लावून बसली होती, आपल्याला कोण शोधत नाही ते मोजत. आणि लाल दोरा रोज तिच्या चिंधीच्या मागं-पुढं उभा होता, मालकिणीशिवाय. तिनंही नव्हतं विचारलं.

ती उठली. कशी उठली ते तिला सांगता आलं नसतं. केस न बांधता, चार दिवसांच्याच कपड्यांत ती अंगणात आली तेव्हा न्योकाबीचा पाय हवेतच राहिला. "अगं बाई, कनिनीची आई! आज सुट्टी वाटतं?"

स्योंबुआ सरळ नळाशी गेली. लाल दोऱ्याचा कॅन नळाखाली भरत होता. भरल्यावर तिनं तो उचलला. दोन्ही हातांनी, वाटेत दोनदा टेकवत, पाणी पायावर सांडत, अपोंडीच्या चौदा नंबरच्या दारापर्यंत नेला. हाक मारून निघून यायला किती सोपं होतं ते तिला तिथं उभं राहिल्यावर कळलं. "पाणी ठेवलंय" हे तर तोंडात येऊनही बसलं होतं.

तिनं दार ढकललं.

आत काळोख. चूल थंड. अपोंडी भिंतीकडे तोंड करून पडलेली; एवढी आडवीतिडवी बाई, पण गादीवर जागा फार उरली होती. तिनं मान वळवली नाही.

"काय पाहिजे?"

"काही नाही."

"मग जा."

स्योंबुआ गेली नाही. बसायला काही नव्हतं म्हणून भरलेल्या कॅनवरच बसली. बाहेर न्योकाबीचं कुणाशी तरी वाजलं, मग थांबलं. अपोंडी हळूच कुशीवर वळली. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. त्या आवाजात, या आवारात गेल्या सहा वर्षांत कुणी हाक मारली नव्हती त्या नावानं, तिनं विचारलं,

"स्योंबुआ, तू कुठं होतीस गं इतके दिवस?"

स्योंबुआनं तोंड उघडलं. खरं काय ते सांगायचं ठरलं होतं, आणि खरं तर एवढंसंच होतं.

"घरातच," ती म्हणाली.

"मी पण," अपोंडी म्हणाली.

बाहेर न्योकाबी ओरडत होती, "कनिनीची आई, तुमचा नंबर आला! कुणीतरी सरकवा गं तिला!"

दोघींपैकी कुणीच उठलं नाही.