पहिल्या तासाची हजेरी

साहेबराव खरात जालन्याच्या कॉलेजात मराठी शिकवत आणि विद्यापीठाच्या नियम समितीवर भांडत. दोन वर्षं भांडण एकाच ओळीवर अडलं होतं: पहिल्या तासाला जो नाही, तो दिवसभर गैरहजर. बदनापूरची एकेचाळीस पोरं औरंगाबादहून येणाऱ्या पॅसेंजरने येत आणि पॅसेंजर पडली आपल्या मर्जीची मालकीण. त्यांतल्या बेबीनंदाचा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा परीक्षा अर्ज हजेरी कमी म्हणून परत आला होता. बापाने सांगून टाकलं होतं, "औंदा परीक्षा न्हाई, तर मंग लगीन."

औरंगाबादच्या बैठकीत गाडीचा विषय निघाला की अध्यक्ष राधाकिसनराव चष्मा पुसत म्हणायचे, "ज्याला शिकायचंय तो वेळेवर येतो." साहेबराव घरी येऊन चडफडत. माणूस तापट, पण राग कामाला लावायची अक्कल असलेला.

एकाहत्तरच्या जानेवारीतली बैठक त्यांनी जालन्याला मागून घेतली. अर्जाची मुदत चार दिवसांवर आली होती. पत्रात लिहिलं: बैठक अकराला, सकाळची पॅसेंजर साडेदहाला पोचते, सोयीची पडेल. यात एक अक्षर खोटं नव्हतं, वेळापत्रकात तसंच छापलेलं होतं.

अकराला खोलीत दोघेच, साहेबराव आणि प्राचार्य तातेराव. साहेबरावांनी हजेरीचं पुस्तक उघडलं, नावं मोठ्याने वाचली आणि उरलेल्या पाच जणांपुढे ठसठशीत 'गैरहजर' लिहिलं. तातेरावांनी त्यांचा हात धरला.

"खरात, नोकरी प्यारी न्हाई का तुम्हाला?"

"बिलकुल प्यारी आहे. पण आज गप बसलो तर ती पोरगी गेली."

पावणेबाराला टांगे आले. राधाकिसनराव धुळीने माखलेले आणि घुश्शात. "गाडी मधेच तासभर उभी!" सही करायला त्यांनी पुस्तक ओढलं आणि नावापुढचा शब्द पाहून त्यांचा आवाज चढला. "हे काय आहे?"

"नियम, साहेब. गाडीचं कारण चालत न्हाई, असं तुम्हीच म्हणून राह्यले दोन वर्षांपासून."

तेवढ्यात त्याच गाडीने आलेले समितीतले इंद्रभान गुरुजी खो खो हसत सुटले आणि बाकीच्यांनाही आवरेना. राधाकिसनराव मात्र हसले नाहीत. पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "ही पोरं रोज अशीच येतात?"

"रोज."

"मग ठराव लिहा. हजेरी तासागणिक मोजायची, याच वर्षापासून. मांडणारा म्हणून माझं नाव घाला."

गैरहजर माणसाला ठराव मांडता येतो का, हे कुणी विचारलं नाही. ठराव एकमताने झाला. पुढे तो सगळ्या कॉलेजांना लागू झाला, आणि राज्याच्या उच्च शिक्षण समितीवर खरातांचं नाव गेलं तेव्हा शिफारस राधाकिसनरावांचीच होती. साहेबराव मोठे झाले ते त्या दिवसापासून.

पण त्यांचा खरा दिवस दुसराच. तासागणिक मोजल्यावर बेबीनंदाची हजेरी भरून वर अकरा तास उरले, अर्ज मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तासाला ती धापा टाकत आली आणि सवयीने दाराबाहेरच थांबली.

"आत ये."

"सर, हजेरी झाली आसंल."

"तुझी राह्यली."

त्यांनी पुस्तक उघडून तिचं नाव घेतलं. "हजर!" ती इतक्या मोठ्यांदा म्हणाली, की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. साहेबरावांनी डोळे पुसले आणि धडा पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केला.