परत आलेला बाप

मल्हारी गांगुर्डेला दारू सोडून नऊ वर्षं झाली होती. आधी तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात ठेकेदाराकडे कामाला होता. आता नाशिकरोडच्या बाहेर एका व्यसनमुक्ती केंद्रात दिवसपाळी करायचा. नवीन आलेल्या माणसाच्या बिछान्याशी बसायचं, त्याचा थरकाप थांबेपर्यंत हात धरायचा, तो शिव्या देईल त्या ऐकून घ्यायच्या, हे त्याचं काम. तिथं सगळे त्याला काका म्हणत.

एके दिवशी स्नेहल नावाची दिग्दर्शक केंद्रात आली. तिशीतली, बोलायला साधी, वही-पेन घेऊनच फिरणारी. दारुड्या बापावर ती सिनेमा करत होती आणि तिला तो खरा करायचा होता. मुख्य काम करणारा रविराज नावाचा नट तिच्याबरोबर होता. केंद्राच्या प्रमुखांनी दोघांना मल्हारीकडे पाठवलं.

स्नेहलनं त्याला पटकथेतली काही पानं वाचून दाखवली. पहिल्याच पानावर नायक भिंतीवर बाटली फोडत होता. मल्हारीला हसू आलं.

"मॅडम, बाटली कोण फोडेल? प्यायचं असतं ते तिच्यातच असतं."

तिनं ते पान तिथंच खोडलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा रविराज केंद्रावर यायला लागला. मल्हारीनं त्याला सांगितलं, की पिणारा घरी आला की फार गोड वागतो. न सांगता भांडी घासतो, बायकोला चहा करून देतो, कारण त्याला कुणी जवळ येऊन वास घ्यायला नको असतो. सकाळचा पहिला ग्लास दोन्ही हातांनी धरला तरी ओठांपर्यंत येत नाही, म्हणून वाकून तोंडच ग्लासापाशी न्यावं लागतं. त्यानं तसं वाकून दाखवलं. रविराजनं स्वतः एकदा तसं वाकून पाहिलं, मग म्हणाला, की हे त्यानं कुठल्याच सिनेमात पाहिलेलं नाही. मल्हारीला बरं वाटलं. ज्या गोष्टींची आयुष्यभर लाज वाटली, त्या कुणाच्या तरी उपयोगी पडत होत्या.

एकदा चहा पिता पिता स्नेहलनं विचारलं, की पडद्यावर कधीच आलं नाही असं काही आहे का. तेव्हा त्यानं सिन्नर फाट्याची गोष्ट सांगितली. ही गोष्ट तो केंद्रातल्या सभांमध्येही सांगायचा, त्यामुळे ती त्याच्या तोंडात बसलेली होती. जून महिना, रविवार. आठ वर्षांच्या लेकीला, मनालीला, वह्या घ्यायला घेऊन निघालेला. वाटेत देशी दारूचं दुकान. बंद शटरच्या पायरीवर तिला बसवलं, हातात आपली डब्याची पिशवी दिली, पाच मिनिटांत येतो म्हणाला आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा चार वाजून गेले होते. पोरगी तशीच उन्हात पिशवी छातीशी धरून बसलेली. तो धावत गेला, तिला पोटाशी धरलं आणि भर रस्त्यात रडला.

स्नेहलनं पेन खाली ठेवलं. तिचे डोळे भरले होते. सिनेमाचा कणाच सापडला, असं ती म्हणाली.

तो सीन जेलरोडच्या एका गल्लीत सकाळी होणार होता. मल्हारीनं अभिमानानं मनालीला फोन केला. ती आता पंचवीस वर्षांची, कळवणला सरकारी दवाखान्यात नर्स होती. लताबाई, तिची आई, तिच्याबरोबरच राहायची. लेक बापाशी तुटक नव्हती. फोन करायची, औषधं विचारायची, पण नाशिकला क्वचितच यायची. तो म्हणाला, की तुझाच सीन आहे, सुट्टी असेल तर ये. ती आली.

तिला त्यानं कॅमेऱ्याच्या मागे खुर्चीवर बसवलं. छोटी मुलगी पायरीवर बसली होती, हातात कापडी पिशवी. स्नेहलनं खूण केली. रविराज गल्लीच्या तोंडाशी दिसला, क्षणभर थबकला, मग धडपडत धावत आला, गुडघ्यांवर बसला आणि मुलीला कवटाळून असा काही रडला, की लाइट धरणाऱ्या माणसानंही डोळे पुसले. टाळ्या वाजल्या. मल्हारीनं वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी होती.

मनाली कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी उभी होती. चहा घेतला नव्हता. तो जवळ गेल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "पप्पा, हे त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच सांगितलं. घडलंच होतं ना तसं."

"तुम्ही आला नव्हतात."

तो म्हणाला, की चार वाजता आला होता, पण तोवर बहुतेक समोरच्या भाजीवाल्या कुसाबाईनं तिला घरी नेलं असेल. बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं, की हे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. पोटाशी धरली तर कुसाबाईनं नेली कशी?

"रविवारी मला बसवलंत, बुधवारी सकाळी आलात," मनाली म्हणाली. "नांदगावहून. कुणाच्या तरी ट्रकमधून गेला होतात. आई तोवर दोनदा चौकीत जाऊन आली होती." तिनं पर्स खांद्यावर घेतली. "मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्हाला आठवतच नाही. शुद्धीत नसलेल्या माणसाला काय विचारायचं, म्हणून मी सोडून दिलं होतं. तुम्ही तर शेवट बदलून ठेवलाय."

तिनं आवाज चढवला नाही. साडेबाराची कळवणची गाडी आहे, एवढं सांगून ती रिक्षात बसली. 

दुपारच्या जेवणाच्या वेळी तो स्नेहलकडे गेला आणि खरं काय ते सांगितलं. चार ओळींत संपलं. स्नेहलनं ताट बाजूला सरकवलं. ती रागावली नाही. उलट हे जास्त खरं आहे, असं म्हणाली. पण मग बराच वेळ वहीची पानं उलटत राहिली.

"काका, इथं प्रेक्षकानं त्याला माफ केलं नाही, तर पुढचा एक तास त्याची दारू सुटावी असं कुणाला वाटेल?"

 मल्हारीनंही तेच केलं होतं, स्वतःला माफ करता यावं म्हणून. नऊ वर्षं रोज सकाळी आरशात बघायचं, तर निदान एका रविवारी तरी तो परत आलेला असायला हवा होता. कधी कुणापुढे पहिल्यांदा तो शेवट जोडला, तेही त्याला आठवेना. सांगून सांगून तो खरा झाला होता. मुलीचा टी-शर्ट घामानं भिजलेला होता, हेसुद्धा त्याला हाताला जाणवायचं.

सीन तसाच राहिला. संध्याकाळी सामानाची आवराआवर चालू असताना रविराज त्याच्या शेजारी येऊन बसला. सकाळचं त्याच्या कानावर आलं होतं. त्यानं विचारलं, की नांदगावला असताना मुलीची आठवण आली नाही का.

मल्हारीनं हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, लताबाईलाही नाही.

"आली ना. सोमवारी दुपारी आली. स्वच्छ आठवलं, की पोरगी पायरीवर बसवलीय. मग ती आठवण जावी म्हणून आणखी प्यायलो."

रविराजनं मान खाली घातली. हे मला करून दाखवता येणार नाही, असं तो अगदी हळू म्हणाला.

वर्षभरानं सिनेमा आला. वर्तमानपत्रांनी त्यातल्या वास्तवाचं कौतुक केलं. शेवटच्या नामावलीत मल्हारीचंही नाव होतं. स्नेहलनं केंद्राला एक प्रत पाठवली आणि एका दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये पांढरी चादर लावून सगळ्यांना दाखवली गेली. चाळीसेक माणसं होती. पायरीचा सीन आला तसे हॉलमध्ये हुंदके ऐकू यायला लागले.

संपल्यावर दीपक नावाचा एकजण मल्हारीकडे आला. रिक्षाचालक, दाखल होऊन तीन आठवडे झालेले. त्याची सहा वर्षांची मुलगी माहेरी गेलेल्या बायकोबरोबर होती. डोळे पुसत तो म्हणाला, "काका, मन हलकं झालं. मीपण इथून सुटलो की असाच धावत जाणार. पोरगी गळ्यात पडली की सगळं मिटेल."

मल्हारीनं लोकांना परत खाली बसायला सांगितलं. चादरीपुढे उभा राहून तो म्हणाला, की यातला पायरीवर बसवणारा बाप मी आहे, पण धावत येणारा मी नाही. मग रविवारपासून बुधवारपर्यंतचं सगळं सांगितलं, सोमवारच्या दुपारसकट. याच हॉलमध्ये मी तुम्हाला खोटं सांगत आलो, हेही सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही. मागून एकजण म्हणाला, सिनेमातलंच बरं होतं. दीपक उठून आपल्या खोलीत गेला आणि पुढचे दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

त्या रविवारी मल्हारी कळवणला गेला. लताबाईनं दार उघडलं, पाणी दिलं आणि लेकीची दुपारची ड्युटी आहे, तोवर बोलून घ्या, एवढं सांगून आत गेली. येण्याचं कारण तिला कळलं असावं.

मनालीसमोर बसल्यावर त्यानं माफी मागितली नाही. ती त्यानं यापूर्वी पुष्कळदा मागितली होती, आणि दर वेळी मनालीलाच, जाऊ द्या पप्पा, म्हणावं लागलं होतं. या वेळी तो फक्त म्हणाला, "त्या दिवशी काय झालं ते मला माहीत नाही. मी तिथं नव्हतोच. तू सांगशील?"

 ती सांगायला लागली, पेशंटची हकीकत सांगावी तशी, क्रमानं. बारापर्यंत पायरीवर सावली होती. नंतर ऊन आलं. लघवीला लागली, पण पाच मिनिटांत पप्पा येतील म्हणून ती उठली नाही, आणि मग पायरीवरच झाली. ती लपवायला तिनं डब्याची पिशवी खाली घेतली. एका माणसानं बिस्किटाचा पुडा पुढे केला आणि बरोबर चल म्हणाला. तेव्हा समोर भाजी विकणारी कुसाबाई ओरडत आली आणि तिला आपल्या गोणपाटावर बसवलं. कुसाबाई दोनदा दुकानात जाऊन बघून आली, पप्पा तिथं नव्हते. तू इथं बसलीस हे त्यांना माहीत आहे, येतील, असं खोटंच सांगत राहिली. दिवस कलला तेव्हा भाजी झाकून रिक्षानं तिला एकलहऱ्याला सोडून आली.

मल्हारी ऐकत होता. तो रडला नाही. रडलो तर हिलाच समजूत काढावी लागेल, हे त्याला ठाऊक होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून तो तसाच बसून राहिला.

लताबाईनं आतून वेळ झाल्याचं सांगितलं. मनालीनं उठून पर्स घेतली, चप्पल घातली. दारात उभी राहून, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बुधवारी तुम्ही आलात तेव्हा नांदगावहून गोडीशेव आणली होती. आई चुलीपुढून उठली नाही. मी मात्र सगळी खाल्ली. मला फार आवडली होती, पप्पा. मला तुमच्यापेक्षा ती आवडल्याचाच जास्त राग यायचा."

ती जिना उतरून गेली. लताबाई बाहेर आली आणि तिनं त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं.