पारूबाईंच्या आसनाला मी धरून आहे

मित्रांनो, नावात बंदूक असली तरी मी आजवर कुणाला साधा ओरखडाही काढलेला नाही. मी एक जुनी स्टेपल गन आहे. माझा दांडा दाबला की तोंडातून पीन निघते आणि कापडाला लाकडाशी घट्ट धरून ठेवते.

शहागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात मी बरेच दिवस धूळ खात होते. एका बाजूला विजेवर चालणारी बहीण, दुसऱ्या बाजूला हवेच्या दाबावर चालणारी. गिऱ्हाइकांचे डोळे त्यांच्यावरच. मग एकदा गारखेड्याच्या रूपाताई आल्या.

"हवेवाली लेव भाभी, ठकाठक चलती," दुकानदार म्हणाला.

"भाऊ, मला एक खुर्ची मढवायची हाय. कारखाना नाय काढायचा." त्यांनी पिशवीतून सुती कापडाचा धडपा आणि घोंगडीचं सुटलेलं थिगळ काढलं. "पातळ फाटू नाय आन जाड सुटू नाय, अशी द्या."

दुकानदारानं फळीवर सगळ्यांची परीक्षा घेतली. हवेवालीनं धडपा फाडला. विजेवालीची पीन घोंगडीत अर्धीच गेली. माझा दाबाचा स्क्रू सुतासाठी सैल केला, लोकरीसाठी आवळला, आणि दोन्ही पिना सपाट बसल्या! दांडा मुठीत मावतो का, तेही रूपाताईंनी बघून घेतलं. अशी पारखून झालेली निवड कुणाला मिरवावीशी वाटणार नाही?

घरी आल्यावर खरी गोष्ट कळली. रूपाताईंच्या सासूबाई, पारूबाई, देवगाव रंगारीच्या. रोज लोकरीच्या आसनावर बसून पोथीचा अध्याय वाचायचा आणि मगच अन्न घ्यायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. आता गुडघे गेले होते. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली होती. खुर्चीला होतं रेक्झिन, ते त्यांना चामड्यासारखं, पोथीला न चालणारं वाटे. उद्या घटस्थापना होती, आणि नेम मोडणार म्हणून माउली देवापुढे डोळे पुसत होत्या.

रूपाताईंनी खुर्चीची बैठक सोडवून रेक्झिन काढून टाकलं. फळीवर सिल्लोडचा कापूस पसरून त्यावर सुती कापड ताणलं आणि बैठक उलटी केली. आधी चारही बाजूंच्या मधोमध एकेक पीन मारली, मग कोपऱ्यांकडे सरकल्या. आता वरून घोंगडी. ती पारूबाईंच्या मालकांची, शेतात राखणीला जाताना खांद्यावर असायची.

"कात्री लावू नको माय," पारूबाई हळूच म्हणाल्या.

"नाय लावत आत्याबाई. दुमडून घेते."

पण दुमडलेल्या कोपऱ्यात घोंगडी चौपदरी झाली आणि माझ्या पिना उभ्याच राहिल्या. मला फार लाज वाटली. रूपाताई घाबरल्या नाहीत. त्यांनी लांब पिना घेतल्या, फळीच्या जाडीशी लावून बघितल्या.

त्यांचे यजमान राजेंद्र हसत म्हणाले, "पीन आरपार गेली तर आई आसनावरून थेट वैकुंठात!"

"गप रे मेल्या! आधी तुलाच बसवते त्याच्यावर," पारूबाईंनी लेकाला दटावलं.

रूपाताईंनी माझं तोंड घट्ट टेकवलं, दोन्ही हातांनी दांडा दाबला. खट्! पीन बसली, वर टोकही आलं नाही.

सकाळी घट बसले. पारूबाई खुर्चीत टेकल्या, घोंगडीवरून हात फिरवला आणि अध्याय उघडला. वाचून झाल्यावर कुणाचा हात न धरता उठल्या.

"रूपा, वाढ गं माय. लई भूक लागली."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी असेल. आधी टाकाऊ तुकड्यावर चालवून बघा. काम झालं की पिना काढून ठेवा, तेलाचा एक थेंब द्या, ओलाव्यात टाकू नका आणि गंमत म्हणून कुणावर रोखू नका.

एक मात्र सांगते. खंडेनवमीला विळा, कोयता, कुदळ पाटावर मांडली, तेव्हा पारूबाईंनी मला मागून घेतलं. "हिनं माझा नेम राखला," असं म्हणून विळ्याच्या शेजारी बसवलं. माझ्या दांड्यावर तेव्हाचं कुंकू अजून आहे. मला पुसाल तेव्हा तेवढं राहू द्या.